शहरातल्या चर्चमध्ये आजही टाळ वाजतो : कवी नारायण वामन टिळक यांची जीवनकथा

छत्रपती संभाजीनगर : ६ डिसेंबर म्हटलं की आपल्याकडं एकच नाव डोळ्यापुढं येतं, डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ते बरोबरच आहे. पण याच तारखेला, १८६१ साली, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात आणखी एक माणूस जन्माला आला होता. त्यानंही आपला जन्माचा धर्म सोडला आणि त्यासाठी घरादारासकट किंमत मोजली. त्याचं नाव नारायण वामन टिळक. जयंतीचा बोर्ड त्याच्यासाठी आपल्या भागात कुठं लागल्याचं मी बघितलं नाही. पण त्याची गाणी मात्र दर रविवारी गायली जातात.

गंगापूर, वैजापूर, पैठण, फुलंब्रीकडची माणसं बाजाराला शहरात आली की शहागंजात हमखास चक्कर होते. घड्याळाचा मनोरा, चमन, मशीद, कापडाची आणि भाजीची गर्दी, हे सगळ्यांना तोंडपाठ. तिथनं रिक्षा केली की छावणीतलं क्राइस्ट चर्च काही फार लांब नाही. बाहेरून इमारत बघितली की साहेबाच्या काळातली वाटते, आत पण सगळं इंग्रजीच चालत असंल असा आपला समज होतो. प्रत्यक्षात मराठी उपासनेला पेटी, तबला आणि टाळ असतो, आणि गाणी अभंगाच्या चालीवर असतात. ज्यांना माहीत नाही त्यांना वाटावं की शेजारी हरिपाठ चाललाय. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये जे गायनाचं पुस्तक वापरतात, उपासना संगीत, त्यात सगळ्यात जास्त वाटा टिळकांच्या भजनांचा आहे.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण पारावर हा प्रश्न येतोच. हे टिळक म्हणजे लोकमान्य नव्हेत. दोघं एकाच काळातले, दोघंही कोकणातल्या चित्पावन ब्राह्मण घराण्यातले, एवढंच. लोकमान्य नारायणरावांपेक्षा पाच वर्षांनी मोठे.

शाळेत माझ्या वयाच्या बहुतेकांनी यांची कविता पाठ केलेली आहे. शिकाऱ्यानं घायाळ केलेला पक्षी पिलांसाठी कसाबसा घरट्याकडं येतो, ती केवढे हे क्रौर्य नावाची कविता. गुरुजींनी ती आम्हाला शिकवली तेव्हा कवी फुलामुलांचा आहे एवढं सांगितलं. ते ख्रिस्ती होते हे वर्गात कुणी बोललं नाही. का बोललं नाही, हा विचार पुढं आयुष्यात आला.

नारायणरावांचे वडील वामनराव सरकारी नोकरीत, स्वभावानं कडक आणि तापट. आई जानकीबाई देवभोळी आणि कवितेची आवड असलेली. पोराला जे काही कवितेचं वेड लागलं ते आईकडूनच. आई लवकर वारली, तेव्हा नारायण अकरा वर्षांच्या आसपास होता. आई गेल्यावर त्या घरात त्याचं मन लागलं नाही. त्यानं घर सोडलं आणि नाशिकला आला. तिथं गणेशशास्त्री लेले यांच्याकडं संस्कृत शिकला. इंग्रजी शिक्षण म्हणावं तर थोडंफार. पुढं सगळं स्वतःच्या वाचनावर. पदवी नाही, ओळखपाळख नाही, पण बोलायला उभा राहिला की माणसं बसून ऐकत.

नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी, माहेरचं नाव मनकर्णिका, हिच्याशी त्यांचं लग्न झालं. मुलगी तेव्हा अकरा-बारा वर्षांची. तिचं सासरचं नाव लक्ष्मी. याच त्या स्मृतिचित्रे लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक. लक्ष्मीबाईंचं पुस्तक ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचावं, मराठीत एवढी हसवणारी आणि रडवणारी आत्मकथा दुसरी सापडणं अवघड. टिळकांविषयी आपल्याला जे काही जिवंत माहीत आहे ते बरंचसं या बाईमुळं. नवऱ्याला तिनं कुठं देव केलेलं नाही. त्यांचा संताप, विसराळूपणा, किराण्यासाठी दिलेले पैसे वाटेतच भलत्या कामाला घालून रिकाम्या हातानं घरी येणं, न सांगता निघून जाणं, सगळं सरळ सांगितलंय.

लग्नानंतरची दहा-पंधरा वर्षं टिळक एका जागी थांबले नाहीत. कुठं शिक्षक, कुठं कीर्तन, कुठं छापखान्यात काम. बायकोला माहेरी ठेवायचं आणि आपण पुढच्या गावाला. नागपूरला त्यांना आप्पासाहेब बुटी हे श्रीमंत आश्रयदाते भेटले. तिथं संस्कृत ग्रंथांचं काम केलं, ऋषी नावाचं मासिक चालवलं. या काळात त्यांच्या डोक्यात सारखा एकच घोळ. देश असा का पडला, माणसामाणसात एवढी उतरंड का, आणि ही उतरंड मोडायला धर्म काही करणार आहे का. जातिभेद नाही, मूर्ती नाही, एकच देव, असा काहीतरी नवाच धर्म काढावा इथपर्यंत त्यांची मजल गेली होती. महात्मा फुल्यांचा सत्यशोधक समाज १८७३ साली निघाला, प्रार्थना समाज १८६७ चा. म्हणजे हवेतच ते होतं. टिळक एकटे वेडे नव्हते.

मग १८९३ साली तो आगगाडीचा प्रवास झाला. नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी निघाले होते. डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. काव्याच्या आणि धर्माच्या गप्पा झाल्या. उतरताना त्यानं टिळकांना नव्या कराराचं पुस्तक दिलं आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत करून गेला. टिळकांना अर्थातच ते पटलं नाही, पण पुस्तक वाचीन म्हणून शब्द दिला होता म्हणून वाचायला घेतलं. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथंच अडकले. आपल्या डोक्यात चाललेल्या प्रश्नांची उत्तरं त्यांना त्या पानांत दिसली. तो गोरा माणूस कोण होता हे त्यांना पुढंही कधी कळलं नाही.

त्यांचं पत्र चालू झालं ते जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी. हे अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी, ज्ञानोदय या पत्राशी संबंधित. गंमत बघा, याच अ‍ॅबट साहेबांनी पुढं म्हातारपणी एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई यांच्या चरित्रांचं आणि रचनांचं इंग्रजीत भाषांतर केलं. आपल्या पैठणच्या नाथांना इंग्रजी वाचकांपर्यंत नेणाऱ्यांत हे एक.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. एक अट घातली होती, बाप्तिस्मा गोऱ्या साहेबाच्या हातून घेणार नाही, देशी पाळकाच्या हातून घेणार. तसंच झालं. त्या पहिल्याच दिवशीच्या अटीत त्यांच्या पुढच्या सगळ्या भांडणाचं बी आहे असं मला वाटतं.

आता घरची बाजू. बायकोला त्यांनी आधी सांगितलं नव्हतं. बातमी कळली तेव्हा लक्ष्मीबाईंच्या पदरात लहान मुलगा दत्तू. त्या काळात नवरा बाटला म्हणजे बाई ना सवाशीण ना विधवा. नातेवाइकांनी तिला सांभाळलं, पण रडून रडून तिची तब्येत इतकी गेली की घरच्यांना तिच्या जिवाची काळजी पडली. काही काळ ती पंढरपूरला राहिली. म्हणजे नवरा चर्चमध्ये आणि बायको विठोबाच्या दारी. दोघांची पत्रं मात्र चालू. भांडण, रुसवा, कविता, सगळं पत्रातून. चार-साडेचार वर्षं असं चाललं.

टिळकांच्या भक्तांनी लिहिलेल्या चरित्रांत हा भाग पटकन उरकलेला असतो. मला तो उरकता येत नाही. माणूस कितीही मोठा असो, ज्या बाईनं पंधरा वर्षं त्याची फिरस्ती सोसली तिला एवढा मोठा निर्णय दुसऱ्याच्या तोंडून कळावा, हे बरं झालं नाही. सांगितलं असतं तर तिच्या माणसांनी अडवलं असतं, हे टिळकांच्या बाजूनं म्हणता येतं. ते खरंही असेल. तरी पण.

शेवटी लक्ष्मीबाई नगरला नवऱ्याकडं आल्या, पण धर्म आणि सोवळं सोडून नाही. वेगळी चूल, वेगळं पाणी. आजूबाजूला ख्रिस्ती वस्ती, त्यातली बरीच माणसं महार-मांग समाजातून आलेली, आणि मध्ये या बाईचा घागरीला शिवू नका असा खाक्या. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, ही त्यांची जमेची बाजू. हळूहळू बाईचा स्वतःशीच वाद सुरू झाला. जात देवानं केली की माणसानं. देवानं केली असती तर जनावरांसारख्या खुणा दिसल्या असत्या, मग माणसानं केलेलं पाळायचं कशाला, अशा वळणावर त्या आल्या आणि एक दिवस ठरवून कुणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या. ख्रिस्ती होण्याच्या आधीच त्यांनी जात सोडली होती. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, स्वतःच्या मनानं.

तो काळ दुष्काळाचा. १८९९-१९०० चा दुष्काळ नगर जिल्ह्यानंही भोगला आणि आपल्या मराठवाड्यानंही. जनावरं संपली, माणसं रस्त्यावर आली, पोरं टाकून आईबाप मेले. नगरला डॉ. ह्यूम वगैरे मिशनऱ्यांनी अनाथ मुलांसाठी मोठं काम केलं. टिळकांच्या घरातही पोरं येऊन पडली. आधीच पगार तोकडा, त्यात टिळकांचा हात सढळ, आणि खाणारी तोंडं वाढलेली. काही काळ कुटुंब राहुरीलाही होतं. टिळक नगरच्या ईश्वरविज्ञान शाळेत पाळक होणाऱ्या मुलांना शिकवीत, १९०४ साली त्यांना स्वतःला पाळकपदाची दीक्षा मिळाली.

आता आपल्या भागाशी याचा संबंध काय, ते थोडं सांगायला पाहिजे. तेव्हा गोदावरी ही सरहद्द होती. पलीकडं इंग्रजांचं नगर, अलीकडं निजामाचं औरंगाबाद. नगरकडं अमेरिकन मिशन होतं, १८३१ पासून. संभाजीनगरहून नगरला जाताना प्रवरासंगम आणि नेवासा फाटा ओलांडला की वडाळा बहिरोबा लागतं. तिथं त्या मिशनचं जुनं ठाणं, फेअरबँक घराणं तिथं पिढ्यान्‌पिढ्या होतं. अलीकडं औरंगाबादेत इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीचं काम, ते बराच काळ सांभाळलं रतनजी नवरोजी या पारशी घरातून ख्रिस्ती झालेल्या पाळकानं. आणि जालन्याला स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे नारायण शेषाद्री, ब्राह्मण घरातले. त्यांनी सालारजंगाकडून जमीन मिळवून बेथेल नावाची वस्ती वसवली. म्हणजे तीन ठिकाणी तीन पंथ. पण नदी ओलांडून माणसं आणि सोयरिकी येत-जात राहिल्या. आपल्याकडच्या कितीतरी ख्रिस्ती घरांचं मूळ नगर जिल्ह्यातल्या एखाद्या गावात निघतं. सुना आल्या, गाणी आली. १९७० साली नागपुरात या सगळ्या पंथांची मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. टिळकांची भजनं कागदावरच्या त्या सहीशिक्क्याच्या आधीच सगळ्यांकडं पोचलेली होती.

भजनांचं असं. मिशनरी आले तेव्हा त्यांनी आपली इंग्रजी गीतं मराठीत करून घेतली. शब्द मराठी, चाल विलायती. गावातल्या माणसाला ती गाता येत नव्हती, आणि गाता येत असली तरी रात्री खळ्यावर बसून म्हणावीशी वाटत नव्हती. नगरकडं कृष्णराव सांगळे यांनी टिळकांच्या बऱ्याच आधी ख्रिस्ती कीर्तन आणि पदं सुरू केली होती, त्यांचं श्रेय त्यांना दिलं पाहिजे. टिळकांनी त्या पायवाटेचा रस्ता केला. अभंग, ओवी, पद, सगळे आपले जुने छंद त्यांनी घेतले. ख्रिस्ताला माउली म्हटलं, गुरू म्हटलं, सखा म्हटलं. पंढरीचा वारकरी विठोबाशी जसा हक्कानं बोलतो तसं हा माणूस येशूशी बोलतो. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडं आलो असं ते उघड सांगत. मिशनऱ्यांपैकी काहींना हे रुचलं नाही, पण लोकांना रुचलं. अक्षर न येणारी बाईही ऐकून ऐकून पाठ करायची. पुस्तक घेण्याची ऐपत नसलेल्या मंडळीला हे केवढं सोयीचं.

कीर्तनकार म्हणूनही ते उभे राहत. अंगात साधा देशी पोशाख, हातात चिपळ्या. कोट-पाटलोण घातलेला देशी पाळक त्यांना बघवत नसे. ख्रिस्ती झालास म्हणजे साहेब झालास काय, असा त्यांचा सूर. देशावरच्या त्यांच्या कविताही आहेत, आणि त्या चर्चमध्ये गायल्या जातात. ख्रिस्ती माणूस देशाचा नाही असं म्हणणाऱ्यांना त्यांनी आपल्या कवितेतूनच उत्तर दिलं होतं, शंभर वर्षांपूर्वी.

बाहेरच्या मराठी जगानं त्यांना टाकलं का? काहींनी टाकलं. जुने मित्र तुटले. पण कवितेनं त्यांना धरून ठेवलं. केशवसुतांच्या बरोबरीनं नव्या मराठी कवितेचे मानकरी म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. जळगावकडचा त्र्यंबक बापूजी ठोमरे हा पोरगा, ज्याला आपण बालकवी म्हणतो, तो शिक्षणासाठी नगरला टिळकांच्या घरी राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं वागवलं. त्याची रुसवाफुगवी, त्याचं भूताला भिणं, त्याची कविता, हे सगळं त्या घरानं झेललं. ब्राह्मण घरातलं पोर ख्रिस्ती घरात राहतं आणि कुणी त्याला धर्म बदल म्हणत नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. १९१८ च्या मे महिन्यात बालकवी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेले, तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते.

१९१२ पासून टिळक ज्ञानोदयाच्या मराठी भागाचे संपादक होते. १८४२ साली नगरला सुरू झालेलं हे पत्र. त्यात ते लिहीत ते आपल्या लोकांना झोंबणारं. मिशनचा पगार, मिशनचं घर, मिशनची शाळा, मिशनचा दवाखाना. सगळं वरून येतंय आणि आपण खाली हात पसरून उभे. अशी मंडळी स्वतःच्या पायावर कधी उभी राहणार? मिशनऱ्यांनाही त्यांनी सोडलं नाही. तुम्ही साहेब म्हणून राहता, भाऊ म्हणून राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. ज्यांच्या पगारावर जगतो त्यांनाच हे सुनवायचं, याला छाती लागते. आणि ऐकणाऱ्या मिशनऱ्यांतही काही मोठ्या मनाचे होते, हेही खरं. नाहीतर त्यांनी टिळकांना कधीच बाहेरचा रस्ता दाखवला असता.

हा प्रश्न जुना झालेला नाही. आजही गावोगावच्या चर्चच्या कंपाउंडमध्ये बसलं की मिशनच्या जमिनी, वसतिगृहं, दवाखान्याच्या पडक्या इमारती, कोर्टात चाललेल्या केसेस यांच्याच गप्पा ऐकू येतात. साहेब गेले, इमारती राहिल्या, आणि त्या कुणाच्या यावर भांडणं. आमच्याकडं वडिलोपार्जित जमिनीचं असतं तसंच. टिळकांनी तेव्हाच विचारलं होतं की मंडळी कुणाची. इमारतीचं त्यांनी फारसं काही विचारलंच नाही.

नुसतं विचारून ते थांबले नाहीत. १९१७ साली, वय पंचावन्न, तब्येत ढासळलेली, अशा वेळी त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडून दिला. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर पेरणीच्या तोंडावर बैलजोडी सोडून देण्यासारखं. म्हातारपणाचा आधार म्हणून जे काही होतं ते तेवढंच. आपण आता संन्यासी, लोक देतील त्यावर जगू, असं त्यांनी ठरवलं. संन्यास घेतला पण घर सोडलं नाही, बायको-मुलं बरोबरच. लक्ष्मीबाईंना यातलं कौतुक किती आणि काळजी किती हे ज्याच्या घरात एकट्याच्या कमाईवर चूल पेटते त्यालाच कळेल.

साताऱ्याला त्यांनी देवाचा दरबार सुरू केला. कल्पना अशी की ख्रिस्ताला गुरू मानणारा कुणीही यात यावा. बाप्तिस्मा झालेला यावा, न झालेलाही यावा. नाव बदलू नको, पोशाख बदलू नको, आपल्या माणसांतून उठून जाऊ नको. पंथाची भिंत नाही, परदेशी पैसा नाही. आजच्या काळात हे वाचताना नवल वाटतं, कारण धर्मांतर म्हटलं की दोन्ही बाजूंनी आरडाओरडाच ऐकू येतो. आमिष दाखवून नेतात अशी एका बाजूची ओरड, आम्हाला छळतात अशी दुसऱ्या बाजूची. एक आमिष कसं असतं ते टिळकांनी आतून बघितलं होतं, म्हणूनच त्यांनी आधी स्वतःचा पगार सोडला.

दरबार फार चालला नाही. पुरती दोन वर्षंही मिळाली नाहीत. माणसं जमायला लागली होती, पण टिळकांचं शरीर साथ देत नव्हतं. उपचारासाठी त्यांना मुंबईला जे. जे. इस्पितळात नेलं, आणि तिथंच ९ मे १९१९ रोजी ते वारले. वय सत्तावन. ख्रिस्ती माणसाला पुरतात हा रिवाज, पण टिळकांचं दहन झालं, त्यांच्याच इच्छेप्रमाणं. अस्थी नगरला आणल्या. जाताना सुद्धा देशी रीत सोडली नाही. त्यांच्या मागं दरबार विस्कटला. पुढं त्यांचं इंग्रजी चरित्र लिहिणाऱ्या जे. सी. विन्स्लो या इंग्रज पाळकानं ख्रिस्त सेवा संघ काढला, खादी घालून आणि जमिनीवर बसून जेवणारा. त्याला टिळकांच्या विचारांचं वळण होतं.

एक काम मात्र अर्धं राहिलं होतं. १९०९ च्या सुमारास टिळकांनी ख्रिस्तायन लिहायला घेतलं होतं. ज्ञानेश्वरी, नाथांचं भागवत, श्रीधराचा हरिविजय ओवीत, तसं येशूचं चरित्र ओवीत. गावच्या देवळात पोथी लावतात तशी ही पोथी मंडळीत लावता यावी ही इच्छा. संपादकी, कीर्तनं, प्रवास, आजारपण यात जेमतेम अकरा अध्याय झाले.

लक्ष्मीबाई कधी शाळेत गेल्या नव्हत्या. लिहायला-वाचायला लग्नानंतर शिकल्या, तेही नवऱ्याच्या मागं लागण्यानं आणि रागावण्यानं. नवरा गेल्यावर पैशाची चणचण, मुंबई-कराचीपर्यंतची धावपळ, तब्येतीच्या तक्रारी, हे सगळं करत त्यांनी नवऱ्याची पोथी पुढं लिहायला घेतली. एकेक करत चौसष्ट अध्याय त्यांनी लिहिले. म्हणजे टिळकांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या या ग्रंथाचा मोठा भाग त्या बाईचा आहे, जिला एकेकाळी नवऱ्याचा बाप्तिस्मा दुसऱ्यांकडून कळला होता.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई वारल्या. शेवटचा शहात्तरावा अध्याय मुलगा देवदत्त, म्हणजे तोच लहानपणीचा दत्तू, यानं लिहिला आणि १९३८ साली ख्रिस्तायन छापून बाहेर आलं.